दुसरी किल्ली

मिहानच्या गेटावर रात्री साडेआठला
सगळं ट्रेमध्ये काढून ठेवायचं, फोन, डबा, पाण्याची बाटली
आणि ही पितळी किल्ली.
गार्ड ढोबळे रोज विचारतात,
"हे किल्ली कायची होय जी, मॅडम?"
मी रोज सांगते, "जुनी आहे."
तेवढं त्यांना पुरतं.

चौथ्या मजल्यावर एसी असा
की मे महिन्यात शाल लागते.
खाली डांबर अजून तापलेलं,
आणि माझ्यापुढे अमेरिका,
एकशे बारा ओळी, सोळा रकाने.
किती देणं, किती व्याज,
कोणत्या तारखेला तिजोरी आटेल.
आकडे इतके लांब की शून्यं मोजताना
काचेवर बोट टेकवावं लागतं.

चौदावा रकाना माझा.
दोन्ही बाजूंचे हात एकत्र वर जातील
याची शक्यता, शेकड्यात.
गेल्या वर्षीचा आकडा पुसायचा,
त्याहून लहान लिहायचा.
पाच वर्षं झाली, एकदाही वाढवलेला नाही.

एक बाजू म्हणते, कर वाढवू देणार नाही.
दुसरी म्हणते, खर्चाला हात लावू देणार नाही.
आठवडाभर भांडतात, कॅमेऱ्यापुढे कागद फाडतात
आणि शेवटच्या रात्री, पहाटेकडे,
दोघांची सही एकाच गोष्टीवर होते:
अजून घ्या.

शेजारचा अर्सलान म्हणतो, "पागल आहेत बे हे."
पागल नाहीत.
मी हे पाहिलेलं आहे.

इतवारीत, लोहा ओळीच्या तोंडाशी,
निमजे बंधूंचं रंगाचं दुकान.
बाबा आणि श्रावणकाका.
गल्ला एक, किल्ल्या दोन.
एका निवडणुकीत शटरवर दोन झेंडे लागले,
पण ते निमित्त.
बोलणं आधीच नोकराच्या तोंडून चालायचं,
"मोठ्या मालकाले सांग, टर्पेंटाइन संपलं."
मग एका दिवाळीला काकाने पाच हजार उचलले.
बाबांनी सात.
"मी ठेवले तर तो नेणार," आईला म्हणाले,
"वाचवू कोणासाठी? त्याच्यासाठी?"
भिंतीपलीकडे काकू हेच ऐकत होती,
शब्दाला शब्द.

माल उधारीवर आला.
ती उधारी दुसऱ्या उधारीने फिटली.
बारा वर्षं कोणीच नाही म्हणालं नाही,
आजोबांच्या नावाची पत होती.
पत म्हणजे आमच्याकडचं ऊन,
मावळल्यावरही अर्धी रात्र
भिंत गरम राहते.

त्या भिंतीला पाठ लावून
आम्ही दोन्ही घरं जेवलो,
चांगलं जेवलो, सावजीचं मटण दर रविवारी,
हेही लिहायला हवं.
माझ्या कॉलेजची फी त्यातलीच.

अडीच वाजता आकडा टाकते.
मशीन कारण मागतं, अडीचशे अक्षरांत.
लिहिते, गल्ला एक, किल्ल्या दोन.
खोडते.
नेहमीचं वाक्य चिकटवते,
जे तिकडेही कोणी वाचत नसावं.

सकाळी कॅब झिरो माइलवरून जाते.
चार घोडे, आणि तो खांब,
जिथून म्हणे सगळीकडची अंतरं मोजली.
देशाचा मधोमध.
पाच वर्षांत आमच्यातलं कोणी
तिथे उतरलेलं नाही.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात.
गल्ला काकाने नेला, रिकामाच.
बाबांच्या तेराव्याला काका आला होता,
फाटकापर्यंत.

परवा ढोबळेंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली,
ट्यूबलाइटखाली धरली.
"मॅडम, अशीच एक किल्ली
सकाळच्या शिफ्टमधल्या एका सायबाजवळ बी आहे.
थो बी काही सांगत नाही."

मी ट्रे ओढून घेतला.
आडनाव विचारलं नाही.
लिफ्टमध्ये चौथा मजला दाबताना
मुठीतली किल्ली
घामाने ओली झाली होती.